उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडण्याआधी

प्रश्न विचारणाऱ्या बाई ३९ वर्षांच्या आहेत. वरच्या वर्गांना भाषा शिकवतात. घरी ७ वर्षांची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. त्यांची कादंबरी चार वर्षांपासून १४० पानांवर थांबली आहे. त्या लिहितात, "रोज रात्री वाटतं, उद्या नक्की लिहीन. सुट्टीत लिहायचं ठरवते, तर सुट्टीही हातातून जाते. नोकरी सोडल्याशिवाय हे पुस्तक पूर्ण होईल का? तुम्ही शिकवणं, घर आणि लेखन हे तिन्ही कसं सांभाळलंत?"

मी ३१ वर्षं महाविद्यालयात शिकवलं, दोन मुलं वाढवली आणि त्याच काळात दोन कथासंग्रह व तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्ही गोष्टी एकाच वेळी नीट चालल्या आहेत असं एकही वर्ष मला आठवत नाही. कधी वर्गाला कमी मिळालं, कधी घराला, पुष्कळदा लेखनाला. तेव्हा माझ्याकडे तोल साधण्याचं सूत्र आहे असं समजू नका. कोणत्या वर्षी काय मोडलं आणि ते परत कसं जोडलं, एवढं मी सांगू शकते.

आधी नोकरीचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नातलं तेच सर्वांत मोठं पाऊल आहे. सोडू नका, निदान यंदा तरी नाही. पगाराची काळजी खरीच आहे, पण माझं कारण वेगळं आहे. नोकरीच्या बाराव्या वर्षी मी एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती, फक्त कादंबरीसाठी. पहिले साडेतीन महिने मी जवळपास काही लिहिलं नाही. सकाळ पूर्ण मोकळी असायची आणि मी सुरुवातीची तीच पंचवीस पानं पुन्हा पुन्हा घासत बसायचे. घरानेही माझी मोकळीक ताबडतोब ओळखली. "तू घरीच आहेस ना" एवढ्या चार शब्दांवर बँकेपासून पाहुण्यांपर्यंत सगळी कामं माझ्याकडे येऊ लागली. रजेच्या शेवटच्या चार महिन्यांत थोडं लेखन झालं, ते मी पुन्हा पहाटे उठायला लागले म्हणून. म्हणजे नोकरीत असताना जे करायचे तेच.

त्या वर्षी मला उमगलं की अडचण तासांची होतीच, पण तेवढीच नव्हती. मी त्या पुस्तकापासून इतकी लांब गेले होते की आत शिरायलाच दिवस जात होते. पात्रं कशी बोलतात ते विसरले होते. एखादा प्रसंग मी का लिहिला होता तेच आठवत नव्हतं. अशा वेळी मोकळा वेळ मिळाला तर माणूस त्याच्याकडे बघत बसतो. तुमची १४० पानं चार वर्षं पडून आहेत, म्हणून माझा अंदाज आहे की तुमचंही तसंच झालं असेल. नोकरी सोडून तुम्हाला तास मिळतील, आत शिरायची वाट मिळेलच असं नाही.

म्हणून माझं पुढचं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे: हातातला धागा सुटू द्यायचा नाही. दिवसाला किती पानं व्हावीत हा नंतरचा प्रश्न.

अँथनी ट्रोलोप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करून लिहीत असे. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, घड्याळ समोर ठेवायचं आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे, हा त्याचा शिरस्ता सगळीकडे सांगितला जातो. पण त्याने आत्मचरित्रात नोंदवलेल्या दोन गोष्टी सांगताना गळतात. एक म्हणजे, रोज तो तीन तास लिहायला बसे आणि त्यांतला अर्धा तास तो आदल्या दिवशी लिहिलेलं वाचण्यात घालवायचा. दुसरी म्हणजे, त्याला पहाटे उठवायला एक म्हातारा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा नोकर, होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत. मोतद्दाराची गोष्ट मी घराबद्दल बोलताना परत काढणार आहे. आत्ता त्या अर्ध्या तासाकडे बघा. इतका वेगाने लिहिणारा माणूसही आपल्या वेळाचा सहावा हिस्सा मागचं वाचून पुन्हा सूर लावण्यात खर्च करत होता, आणि त्याला तर रोज बसायला मिळत होतं. आपल्याला चार दिवसांनी बसायला मिळतं, तर सूर लावायला किती लागेल?

माझा उपाय साधा आहे आणि तो मी अजूनही सोडलेला नाही. उठायच्या आधी तीन ओळी लिहायच्या. पात्र आत्ता कुठे उभं आहे, पुढचं वाक्य कशाबद्दल आहे, आणि या प्रसंगात काय सांगायचं नाही. एका जुन्या वहीतली नोंद अशी आहे: "ती अजून जिन्यातच. दार उघडं दिसतंय पण आत जात नाही. का, ते इथे सांगायचं नाही. पुढे आतून भावाचा आवाज, तो फोनवर हसतोय." हे लिहिल्यानंतर मध्ये सहा दिवस गेले होते. सातव्या दिवशी मला फक्त पंचवीस मिनिटं मिळाली, पण मी पहिल्या मिनिटाला त्या जिन्यात होते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे कच्चं होतं. पुढे २०१८ साली थेरेसा ग्लोम्ब यांच्यासोबत त्यांनी यावरचा एक उपायही तपासला. काम सोडताना आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर काय करायचं आहे, हे मिनिटभरात लिहून ठेवलं, तर पुढच्या कामाकडे लक्ष अधिक पूर्णपणे जातं. यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा, की त्या तीन ओळींचा फायदा नुसत्या कादंबरीला होत नाही, वर्गालाही होतो. धागा कागदावर बांधून ठेवला की तो डोक्यात धरून ठेवावा लागत नाही. मग पहिल्या तासाला मी खरोखर वर्गात असायचे आणि संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेताना खरोखर तिच्याजवळ.

आता शिकवण्याबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण शिक्षक नसलेल्या लेखकांनी दिलेले सल्ले आपल्याला नेमके इथेच अपुरे पडतात. बँकेत काम करणारा लेखक घरी येतो तेव्हा दमलेला असतो, पण भाषेने दमलेला नसतो. आपण दिवसभर वाक्यंच हाताळतो. दुसऱ्याचं म्हणणं समजून घ्यायचं, सोपं करून सांगायचं, उदाहरण शोधायचं, समोरच्याच्या चेहऱ्यावर ते पोचलं का हे वाचायचं. कथा लिहितानाही नेमकी हीच शक्ती लागते. दोन्ही घागरी एकाच विहिरीतून भरायच्या असतील तर आधी कुठली भरायची, हे ठरवावंच लागतं.

त्याहून अवघड आहे ती तपासणारी नजर. उत्तरपत्रिका तपासताना आपण चूक शोधत असतो. पंचवीस-तीस पेपर झाले की ती नजर इतकी तापते की चटकन विझत नाही. मग त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली, त्याच लाल पेनाची सवय झालेल्या हाताने आपण कथेचं पहिलं वाक्य लिहितो आणि ते लगेच खोडतो. कितीतरी वर्षं मी याला 'आज सुचत नाही' असं म्हणत होते. सुचत होतं, पण सुचलेल्या प्रत्येक वाक्याला मी गुण देत होते. कच्चा खर्डा लिहिणाऱ्या मनाला चुका करण्याची मुभा लागते, आणि गठ्ठ्यावरून उठलेल्या मनाकडे ती उरलेली नसते.

त्यातून मी एक नियम केला आणि तो कडकपणे पाळला: गठ्ठा उघडण्याआधी लिहायचं, गठ्ठ्यानंतर नाही. पंधरा मिनिटं का होईना, आधी. पेपर रात्री तपासायचे असतील तर लेखन पहाटे. रविवारी दिवसभर पेपर असतील तर त्यांच्या आधी एक पान. आणि परीक्षांच्या त्या तीन-चार आठवड्यांत नवं काही रचायचं नाही, त्याबद्दल मनाला टोचायचंही नाही. त्या दिवसांत तपासणारी नजर जागी असतेच, तर तिला तिच्या जोगं काम द्यावं. जुनी प्रकरणं वाचून शब्द कापणं, पात्रांच्या वयाचा आणि तारखांचा मेळ बघणं, शुद्धलेखन. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली सर्वांत चांगली कापाकापी परीक्षांच्या हंगामात झाली आहे.

तपासण्याचा वेळही कमी करता येतो आणि त्यात विद्यार्थ्यांचं नुकसान नाही. हे मला पटायला फार वर्षं लागली. मी प्रत्येक निबंधातली प्रत्येक चूक लाल करायचे. १२० निबंध, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे ३० तास. मुलं वही परत मिळाली की गुण बघत आणि मिटून टाकत. एका वर्षी मी ठरवलं की प्रत्येक निबंधात दोनच गोष्टी दाखवायच्या. या मुलाने पुढच्या वेळी सुधारावी अशी एक, आणि त्याला नीट जमलेली एक. सगळ्या वर्गाच्या सामाईक चुका फळ्यावर एकदाच घ्यायच्या. निबंधाला ८ मिनिटं लागू लागली आणि ३० तासांचे १६ झाले. वाचलेल्या १४ तासांहून मोठी गोष्ट म्हणजे पोरं ते दोन शेरे वाचू लागली. पुढच्या निबंधात कुणी कुणी येऊन "बाई, तुम्ही सांगितलेलं केलंय, बघा" असं म्हणू लागलं. कमी लिहिल्याने जास्त पोचतं, हे खरं तर आपण लेखक म्हणून ओळखून असायला हवं होतं.

तासाच्या तयारीचंही तसंच. तयारी वाढवाल तितकी वाढते. मला उपयोगी पडलेली सवय एवढीच, की तास संपल्यावर लगेच, पुढची घंटा होण्याआधी, टिपणाच्या समासात दोन ओळी लिहायच्या: कुठे मुलं हरवली, कुठलं उदाहरण लागू पडलं. पुढच्या वर्षी तेच टिपण दहा मिनिटांत ताजं होतं.

आणि एक गोष्ट जी तुम्ही लिहिली नाही, पण असणारच. तुम्ही 'लिहिणाऱ्या' आहात हे संस्थेत कळलं की वार्षिकांक तुमच्याकडे, सूत्रसंचालन तुमच्याकडे, मानपत्र तुमच्याकडे, अहवाल, प्रास्ताविक, निरोप समारंभाचं भाषण, सगळं तुमच्याकडे येतं. हे प्रेमाने येतं म्हणून नाकारणं जड जातं. पण यातलं प्रत्येक काम त्याच विहिरीतून पाणी उपसतं. मी अखेर प्राचार्यांकडे स्वतः जाऊन सांगितलं की वार्षिकांक दरवर्षी मी करीन, मन लावून करीन, त्याव्यतिरिक्त लेखनाचं कुठलंही काम मला देऊ नये. एक काम पूर्ण पत्करल्यामुळे बाकीच्यांना नाही म्हणायचा हक्क मिळाला. नुसतं नाही म्हणून तो मिळाला नसता.

सुट्टीबद्दल तुमची निराशा मला ओळखीची आहे. दीर्घ सुट्टीचा हिशेब आपण चुकीचा करतो. सहा आठवडे हातात आहेत असं वाटतं. पहिला आठवडा शरीर विश्रांती मागतं, शेवटच्यात नव्या सत्राची तयारी सुरू होते, मधला एक तरी घराच्या साचलेल्या कामांचा असतो. उरतात तीन. त्या तीन आठवड्यांत सगळी कादंबरी लिहायची ठरवली तर चौथ्या दिवशीच हातपाय गळतात. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयींवर बरंच काम केलं. मोठ्या सुट्टीची वाट बघत धडाक्याने लिहिणाऱ्यांपेक्षा थोडं थोडं पण ठरल्या वेळी लिहिणाऱ्यांच्या हातून अधिक लेखन होतं, हे त्याच्या कामाचं सार. त्याने पाहिलेले गट लहान होते आणि ते लोक शोधनिबंध लिहिणारे होते, कादंबरी लिहिणारे नव्हे. तरी माझा अनुभव त्याच्या बाजूने आहे.

मग सुट्टी कशासाठी? जे तुकड्यांत होऊच शकत नाही त्यासाठी. संपूर्ण हस्तलिखित दोन-तीन दिवसांत सलग वाचणं, हे सत्र चालू असताना कधीच जमत नाही, आणि ते केल्याशिवाय कादंबरीचा आकार दिसत नाही. कुठलं प्रकरण जागा चुकलंय, कुणाचं पात्र मध्येच विसरलो, शेवट सुरुवातीशी बोलतो का, हे सगळं सलग वाचनातच कळतं. मी सुट्टीत नवं फार कमी लिहिलं. सुट्टीत मी वाचलं, मोडलं, पुन्हा मांडलं, आणि वर्षभरात कुठले प्रसंग लिहायचे याची यादी केली. मग सत्रात पंचवीस मिनिटं मिळाली तरी 'आज काय लिहू' हा प्रश्नच उरत नसे.

आता घर.

ट्रोलोपच्या त्या म्हाताऱ्या मोतद्दाराकडे परत येऊ. कुणाचंही लेखन ज्या तासांत होतं, त्या तासांत दुसरं कुणीतरी काहीतरी करत असतं. कुणीतरी उठवतं, कुणीतरी मुलाला घेऊन बसतं, कुणीतरी दार उघडायला जातं. ट्रोलोपने त्या माणसाचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं, आपल्या यशासाठी आपण इतर कुणाहूनही कदाचित त्याचेच जास्त ऋणी आहोत अशा अर्थाचं लिहिलं. माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा मी नवऱ्याचे आभार मानले होते, पण सासूबाईंचे नाही. ज्या तासांत मी लिहीत होते ते तास त्या माझ्या मुलाला सांभाळत होत्या. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्या राहिल्या नाहीत. हे मला आजही लागतं. म्हणून सांगते, वेळ मागताना तो कुणाकडून येतोय हे नाव घेऊन बघा. तो तास फुकट नसतो. तो परत कसा द्यायचा हेही त्याच बैठकीत ठरवा.

आणि मागायचं स्पष्ट. "मला जरा लिहायला वेळ मिळायला हवा" हे वाक्य घरात कुणालाच काही सांगत नाही. "मंगळवार आणि शुक्रवार, पहाटे साडेपाच ते सात, मी लिहिणार. त्या वेळी बाबांचं औषध तू बघायचंस, मुलगी उठली तर तू घ्यायचंस. गुरुवारची संध्याकाळ पूर्ण तुझी, घर मी बघेन." असं म्हटलं की ठरतं, आणि मोडलं तर मोडलं हेही कळतं. नवऱ्याकडून 'मदत' मागू नका. मदत ऐनवेळी मागे घेता येते, वाटून घेतलेलं काम तसं मागे घेता येत नाही. बाईने दार लावलं तर घर विचारतं, काय झालं? पुरुषाने लावलं तर घर म्हणतं, तो काम करतोय. हा फरक मी माझ्याच घरात बघितला. नवराही अधूनमधून लिहायचा, आणि आमचं घर काही वाईट नव्हतं. तो फरक बोलून दाखवल्याशिवाय जात नाही.

मुलीबद्दल मला जे सांगायचंय ते तुम्ही जपून ठेवा अशी माझी इच्छा आहे. माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा म्हणाली, "आई लिहायला बसते तेव्हा मला चालतं. उठल्यावरही ती येत नाही, ते मला आवडत नाही." मी टेबलावरून उठून तिच्यासमोर बसायचे, तिचं बोलणं ऐकल्यासारखं करायचे आणि मनात पुढचं वाक्य जुळवत असायचे. मुलांना हे लगेच कळतं. त्यानंतर मी तीन ओळींची नोंद कधीच चुकवली नाही, आणि उठल्यावर दहा मिनिटं कुणाशीही न बोलता हातांचं काम करायचं ठरवलं. कपड्यांच्या घड्या, पाणी भरणं, काहीही. त्या दहा मिनिटांत गोष्ट मागे पडते. नंतर जी आई खोलीत येते ती खरी येते. दिवसातला थोडाच वेळ मुलीला देता येत असेल तर तो पूर्ण द्या. मुलं वेळेपेक्षा हे जास्त मोजतात, असा माझा अनुभव आहे.

हातांच्या कामाचा उल्लेख आला म्हणून सांगते. लेखनाचा मोठा भाग टेबलावर होतच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातलं आणि शेतातलं काम करता करता त्यांच्या ओव्या घडल्या, आणि मुलगा सोपानदेव व इतरांनी त्या टिपल्या म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आल्या. हात गुंतलेले असताना मन रचना करू शकतं, याची इतकी थोर साक्ष आपल्या भाषेत असताना आपण ती विसरतो. मी संवाद जवळजवळ सगळे चालताना रचले आहेत. बसस्टॉपवर, जिन्यात, भांडी घासताना. एक अट मात्र आहे: मनात प्रश्न ठरलेला हवा. "आज चालताना त्या दोघी भावाबद्दल काय बोलतात ते ऐकायचं," इतका ठरलेला. मोकळं मन चालताना यादीच्या कामांकडेच धावतं.

सासऱ्यांच्या आजारपणाबद्दल. माझ्या वडिलांच्या शेवटच्या चौदा महिन्यांत मी कादंबरीचं एकही पान लिहिलं नाही. त्यांच्या उशाशी एक वही असायची, औषधांच्या वेळा आणि तापाचे आकडे लिहायला. त्याच वहीत रोज एक ओळ मी दिसलेल्या गोष्टीची लिहायचे. 'आज बाबांनी खिडकीचा पडदा स्वतः सरकवला.' 'आज त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली.' बस. हे साहित्य म्हणून लिहीत नव्हते आणि ते कधी छापलंही नाही. पण शब्दाशी रोजची भेट त्यामुळे टिकली, आणि ते गेल्यावर जेव्हा पुन्हा बसले तेव्हा हात अगदीच अनोळखी झाला नव्हता. काही वर्षं न लिहिण्याची असतात. ती आजाऱ्याला द्यायची असतात, आणि देताना मनात त्याच्यावर राग धरायचा नाही. हे शेवटचं मला नेहमी जमलं नाही.

इंदिरा संतांचा विचार मी अशा काळात पुष्कळदा केला. १९४६ साली पती गेले, पदरात लहान मुलं होती, आणि त्यांनी अध्यापनाची नोकरी करत घर चालवलं. त्यांची कविता थांबली नाही. १९५१ साली 'शेला' आला, पुढे एकामागून एक संग्रह येत राहिले. कवितेचा प्रकार तसा आयुष्याला सामावून घेणारा आहे, तो थोड्या वेळात मावतो. कॅनडाच्या अ‍ॅलिस मन्रो यांनीही सांगितलं आहे की मुलं लहान असताना कादंबरीएवढा वेळ मिळत नसे, म्हणून त्या कथेकडे वळल्या. त्यांचं पहिलं पुस्तक १९६८ साली आलं तेव्हा त्या ३७ वर्षांच्या आणि तीन मुलींच्या आई होत्या. पुढे २०१३ साली त्यांना नोबेल मिळालं ते कथेसाठीच. म्हणजे प्रकाराची निवड ही आयुष्याशी केलेली तडजोड असली तरी ती दुय्यम ठरत नाही. तुमची कादंबरी कथांमध्ये मोडा असं मात्र मी सांगत नाहीये. १४० पानं लिहून झालीत म्हणजे तिला काहीतरी लांब सांगायचं आहे. फक्त प्रकरणाऐवजी प्रसंग हे एकक धरा. प्रकरण दोन महिन्यांचं काम असतं, प्रसंग चार पहाटेंचं. चार पहाटेंनंतर काहीतरी पूर्ण झालेलं दिसतं, आणि तुम्हाला आत्ता त्याची फार गरज आहे.

शिक्षक म्हणून एक जबाबदारी आपल्यावर इतर लेखकांपेक्षा जास्त आहे, ती सांगते. मुलं निबंधात आणि मधल्या सुट्टीत आपल्याला त्यांच्या घरच्या गोष्टी सांगतात. त्या लेखकाला सांगितलेल्या नसतात, शिक्षकाला सांगितलेल्या असतात. एका कथेत मी एका विद्यार्थिनीच्या घरातला प्रसंग नावगाव बदलून वापरला होता. छापून आल्यावर ती काही बोलली नाही, पण नंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही. तेव्हापासून शिकत असलेल्या कुठल्याही मुलाचं काहीही मी वापरत नाही, बदलूनही नाही. घरच्या माणसांबद्दल लिहिलेलं छापायला देण्याआधी त्यांना वाचायला देते आणि नको म्हटलं तर काढते. यात दोन चांगल्या कथा गेल्या, त्यांचं मला वाईट वाटत नाही.

तुमच्या कादंबरीला आणखी किती वर्षं लागतील? माझ्या दुसऱ्या कादंबरीला नऊ लागली. त्यातली दोन वडिलांच्या आजारपणात आणि नंतरच्या रितेपणात गेली, एक मुलाच्या महत्त्वाच्या परीक्षेत. आठवड्याला दोन पहाटा, प्रत्येकी एक पान म्हणा. सत्रांचे चाळीस आठवडे धरले तर ८० पानं होतात. परीक्षा, आजारपण, पाहुणे यांचे वजा केले तरी ५० उरतात. १४० पानांची कादंबरी अडीचशेपर्यंत जायची असेल, तर हे दोन-सव्वादोन वर्षांचं काम आहे. चार वर्षं ती थांबलेली आहे, त्या मानाने हे जवळ आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. १४० पानं छापून घ्या, पडद्यावर वाचू नका. येत्या मोकळ्या दिवशी, घरात सांगून, सगळी एका बैठकीत वाचा आणि हातात पेन घेऊ नका. पेन असलं की तपासणं सुरू होईल. वाचून झाल्यावर वहीत तीन ओळी लिहा: पात्र कुठे उभं आहे, पुढचं वाक्य कशाबद्दल आहे, काय सांगायचं नाही. ती वही शाळेच्या पिशवीत ठेवा, कपाटात नको. मग नवऱ्यासोबत बसून दोन पहाटा ठरवा. सासऱ्यांची तब्येत विचारूनच ठरवा, त्यांना जड जाणार नाहीत अशा. आणि मुलीला सांगा की आई मंगळवारी आणि शुक्रवारी सातपर्यंत लिहीत असेल आणि सातला येईल. सातला नक्की जा.